पाहू आणि पाहतो

रिठदला रामरावांचे दोन शब्द प्रसिद्ध होते. एक ‘पाहतो’ आणि दुसरा ‘पाहू’.

परगावच्या माणसाला या दोहोंत काय फरक, असं वाटायचं. रिठदच्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक होता. मारुतीच्या पाराला दगड बसवायचे असोत, नाहीतर कोणाच्या पोरीच्या मांडवाला बांबू हवे असोत, रामराव ‘पाहतो’ म्हणाले की काम झालंच. दिलेला शब्द त्यांनी उभ्या जन्मात फिरवला नव्हता, आणि तो फिरवला नाही हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नव्हता. उलट ते ‘पाहू’ म्हणाले की समोरच्यानं उठावं, वहाणा पायात सरकवाव्या आणि घरची वाट धरावी. त्या विषयाला तिथंच माती दिलेली असे.

याशिवाय त्यांच्यापाशी तिसरी एक सोय होती. हो म्हणायचं नाही आणि चारचौघांत नाही म्हणायचीही पंचाईत, असा प्रसंग आला की त्यांचा हात पानाच्या डब्याकडे जाई. विडा गालात बसला की निम्मा शब्द बाहेर पडे आणि निम्मा आतच राही. मागाहून तो हवा तसा वळवता येई. भल्या माणसाला एवढी हुशारी कशाला लागते, असं कोणी विचारत नसे. साठ एकरांच्या धन्याला असले प्रश्न विचारण्याची रीत नव्हती.

या रामरावांची एकुलती एक पोरगी पंचफुला. सातवीच्या परीक्षेत ती शाळेत पहिली आली, पोरांनाही मागं टाकून. तिचे मास्तर शालिग्राम गुरुजी त्या दिवशी धोतर धुऊन, टोपी नीट करून रामरावांच्या ओसरीवर आले.

“रामरावजी, पोरगी हुशार हाये. अकोल्याले ट्रेनिंगमंधी घाला तिले. दोन सालात मास्तरीण होऊन येईन.”

दाराआड पंचफुला श्वास धरून उभी होती. 

“पाहू,” रामराव म्हणाले.

गुरुजींनी वहाणा घातल्या. पंचफुला आत गेली आणि चुलीपुढं बसून उगाच जाळ पुढं-मागं करत राहिली. जेवायला बसली नाही. तिच्या आईला, प्रयागबाईला, वाटलं की पोरीला पित्त झालं आहे.

एवढ्यावरच राहिलं असतं, तर तिनं मनाची समजूत घातली असती. गावात कितीतरी पोरी न शिकता सुखानं नांदत होत्या. बाप नाही म्हणाला, विषय संपला, असं म्हणून तीही शेणाच्या गोवऱ्या थापत राहिली असती. पण पुढच्याच उन्हाळ्यात इंद्रभान आला, आणि मग तिच्या जिवाला जी आग लागली ती विझायचं नाव घेईना.

इंद्रभान वाशीमजवळच्या एका खेड्यातला. बाप नव्हता, जमीन म्हणजे दोन बांधांमधली फट होती. पण पोरगा डोक्यानं तल्लख. वाशीमच्या शाळेतून मॅट्रिक झाला तो पहिल्या वर्गात. आता पुढं कॉलेज, आणि कॉलेज म्हणजे अमरावती. तिथली फी, खोली, खाणावळ, पुस्तकं, हे त्याच्या आईच्या मजुरीत बसणारं नव्हतं. मग त्याच्या मामानं तीच वाट धरली जी तेव्हा हुशार आणि गरीब पोरांचे सगळेच मामा धरत. ज्याच्या घरी लग्नाची पोरगी आणि कोठीत पैसा, त्याचं दार गाठायचं.

“रामरावजी,” मामा म्हणाला, “पोराले तुमी शिकवा. शिकला की तुमचाच हाये. पोरगी बी.ए. झालेल्याच्या घरात जाईन.”

पंचफुला पुन्हा दाराआडच होती. पोरीच्या जातीला बाप काय ठरवतो हे ऐकायला दुसरी जागा कुठं असते? तिला वाटलं, आता ‘पाहू’ येईल. खर्चाची बाब आहे, परक्याचं पोर आहे. येईलच.

रामरावांनी पानाच्या डब्याला हातसुद्धा लावला नाही.

“पाहतो,” ते म्हणाले.

आठवड्याच्या आत सुपारी फुटली. लग्न बी.ए. झाल्यावर. बायकांनी पंचफुलाच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि जी ती म्हणाली, “नशीब काढलं वो पोरीनं!” पंचफुला मान खाली घालून बसली होती. सगळ्यांना वाटलं लाजते आहे. ती लाजत नव्हती, जळत होती. नवरा काळा की गोरा हे तिनं धड पाहिलंही नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. बाप तोच, पैसा तोच, पोटची पोरगी पहिली आली तर ‘पाहू’ आणि परका पोरगा पहिल्या वर्गात आला तर ‘पाहतो’!

तिनं आईजवळ तोंड उघडलं. प्रयागबाई निवडता निवडता म्हणाली, “अवं, तो शिकला म्हंजे तूच शिकल्यासारखी हायेस. येगळं काय त्यात?”

“मंग तो जेवला म्हंजे माह्यं बी पोट भरन काय?” पंचफुला म्हणाली.

प्रयागबाईनं सूप आपटलं.

त्या सोयरिकीची पहिली खरेदी झाली वाशीमच्या बाजारात. पंचफुलाला बांगड्या भरायच्या म्हणून तीही छकड्यातून गेली होती. रामरावांनी तिला हिरव्या बांगड्या भरून दिल्या आणि मग जावयासाठी पत्र्याची पेटी घेतली. चांगली मोठी, काळी, पितळी कडीची. दुकानासमोर एक रंगारी बसत असे. त्याच्याकडून पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नाव घालून घेतलं, ‘इंद्रभान’. रामराव कमरेवर हात ठेवून एकेक अक्षर उमटताना पाहत होते. स्वतःच्या पोरीचा निकाल लागला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे यायला हवं होतं ते आत्ता आलं होतं.

परतताना पेटी छकड्यात पंचफुलाच्या मांडीशी होती. “रंग वला हाये, हात लावजो नको,” बाप पुढून म्हणाला. ती पेटीकडे पाहत होती. अशी पेटी, तिच्यात वह्या, पुस्तकं, दोन लुगडी, आणि झाकणावर ‘पंचफुला’. चार अक्षरं मावली असती की. जागा पुष्कळ होती.

रस्त्याला चाक आपटलं आणि तिचा अंगठा ‘न’वर टेकला. आता चाक आपटलं म्हणून टेकला की टेकायचा म्हणून टेकला, हे तिचं तिलाच माहीत. ‘न’चा दांडा फिसकटला आणि त्यावर अंगठ्याच्या रेषा उमटल्या. घरी आल्यावर रामराव रंगाऱ्यावर करवादले. पंचफुलानं अंगठा राखेनं घासून टाकला.

दिवाळीला इंद्रभान आला तो जावई होऊनच. पाटाभोवती रांगोळी, ताटात तूप, पाठीला लोड. रामराव त्याला ‘तुमी’ म्हणत होते, आणि गावात ज्याला त्याला सांगत होते, “आमचे जवाई अमरावतीले कॉलेजात हायेत. विंग्रजीत बोलतात!” परत जाताना जावयाच्या बुद्धीला जोर यावा म्हणून मेथीचे लाडू करायचं ठरलं, आणि ते काम आलं पंचफुलाकडे.

तिनं मेथी दुप्पट घातली. गूळ निम्मा.

“घ्या, चाखून पाहा,” प्रयागबाईनं ताटलीतून लाडू नेऊन दिला. पंचफुला स्वयंपाकघराच्या चौकटीतून पाहत होती. इंद्रभाननं घास घेतला, त्याचे डोळे क्षणभर मिटले, मग त्यानं तो गिळला.

“लय झ्याक झाले,” तो म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शिकलेलं माणूस वर भलंही निघावं, ही तर हद्दच झाली.

दुसऱ्या दिवशी तो पाणी मागायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला. प्रयागबाई परसात होती. लग्न ठरलेल्या पोरीनं नवऱ्याशी असं बोलू नये, पण पंचफुलाला बोलल्याशिवाय राहवेना.

“तुमी तिथं काय शिकून राह्यले?”

त्याला नवल वाटलं. “विंग्रजी, इतिहास. अन् तर्कशास्त्र म्हनून एक हाये.”

“ते काय असते?”

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. सगळी माणसं मरतात, अमुक एक माणूस आहे, म्हणून तो मरणार. पण म्हणून मरणारं सगळंच माणूस नसतं. तो मध्येच अडखळला. पंचफुला म्हणाली, “म्हंजे आमच्या घरचे सगळे बैल खातात, पर खाणारे सगळेच बैल नाहीत, असं?”

इंद्रभान हसला. “असंच. मले हे समजाले महिना लागला.”

ती हसली नाही. महिना! आपल्या बापाच्या पैशानं महिनाभर बसून याला जे कळलं ते आपल्याला चुलीपाशी उभ्या उभ्या कळलं. तिच्या पोटात पुन्हा आग पेटली.

“तुले एक सांगू?” तो हळू आवाजात म्हणाला. “तुह्या बापाचं अन्न गोड हाये, पर ते गिळता येत नाही. खाणावळीत बसलो की वाटते, मामाजी पाठीमागं उभे हायेत. एक विषय कच्चा राह्यला तं काय सांगू त्यायले? रात-दिस तेच भेव.”

आता एखाद्या गोष्टीतली नायिका असती तर तिचं काळीज द्रवलं असतं. पंचफुलाचं द्रवलं नाही. ती मनात म्हणाली, मग ये इथं आणि थाप गोवऱ्या, मी जाते भ्यायला. तिनं पाण्याचा गडवा उंबऱ्यावर ठेवला आणि आत वळली.

अशी दोन वर्षं गेली. दर सुट्टीला इंद्रभान येई, दर सुट्टीला तूप कढे, आणि पंचफुलाच्या डोळ्यांत ती काळी पेटी सले. गावातल्या तिच्या वयाच्या पोरी सासरी जाऊन बाळंतपणाला परतही आल्या. ती बी.ए.ची वाट पाहत बसली होती. दुसऱ्याच्या.

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये इंटरचा निकाल लागला आणि इंद्रभान नापास झाला.

बातमी आली तेव्हा प्रयागबाईनं कपाळावर हात मारला. रामराव ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. पंचफुलानं त्या दुपारी ज्वारीच्या तीन भाकरी खाल्ल्या, वर कांदा फोडून घेतला. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा अन्नाला चव लागली. आता बाप काय म्हणतो तेवढं एकदा कानांनी ऐकायचं होतं.

दोन दिवसांनी इंद्रभान आला. वाळला होता. अंगणातच उभा राहिला, ओसरीवर चढला नाही. चार-पाच माणसं बसलेली होती.

“मामाजी, एका विषयात गेलो,” तो मान खाली घालून म्हणाला. “आणखी एक साल भेटलं तं...”

दाराआड पंचफुलाचे ओठ आपोआप हलले. ‘पाहू.’ तिला तो शब्द आत्ताच ऐकू येत होता, साखरेच्या पाकासारखा.

रामरावांनी चार माणसांकडे पाहिलं. आपला जावई नापास झाला म्हणून आपण हात काढून घेतला, असं गाव म्हणणार. त्यांनी घसा खाकरला.

“पाहतो,” ते म्हणाले. “बसा. पाणी घ्या.”

पंचफुलाला वाटलं, कोणीतरी कानाखाली मारली. नापास झालेल्यालाही ‘पाहतो’! पहिली आलेलीला ‘पाहू’, आणि नापास झालेल्याला ‘पाहतो’, वर पाणी! त्या दिवशी तिच्या मत्सरात जी थोडी लाज उरली होती, तीही जळून गेली.

आणि त्याच महिन्यात सरकारच्या शाळा-तपासणीच्या बाई आल्या.

वऱ्हाड तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि कचेऱ्यांतून तिकडची माणसं दिसू लागली होती. या बाई पुण्याकडच्या. नऊवारी नाही, पाचवारी लुगडं, डोळ्यांवर चष्मा, हातात छत्री. गावात पोरींची शाळा काढायची होती, तिची जागा पाहायला त्या आल्या, आणि अशी बैठक रिठदला रामरावांच्या ओसरीशिवाय होत नसे. दहा-पंधरा माणसं जमली. शालिग्राम गुरुजीही आले.

“शाळा देऊ हो आम्ही,” बाई म्हणाल्या, “पण शिकवायला बायका कुठून आणू? सातवी झालेली एखादी मुलगी असेल तर सांगा. अकोल्याला ट्रेनिंगला घेते. राहायची सोय आहे. सरकार दरमहा विद्यावेतन देतं. घरच्यांना एक पैचा खर्च नाही.”

पंचफुला आत चहाच्या कपबशा मांडत होती. ‘एक पैचा खर्च नाही’ हे शब्द ऐकून ती बशी हातात घेऊनच दाराशी आली.

“एक हाये,” गुरुजी म्हणाले. “याच घरची.”

गुरुजींचं वाक्य संपायच्या आत रामरावांचा हात डब्याकडे गेला होता. बाईंनी वळून विचारेपर्यंत विडा गालात बसलाही.

“अरे वा! मग काय रामराव, मुलीला पाठवणार ना?”

“पा...ऊ,” रामराव म्हणाले.

ओसरीतल्या माणसांनी माना हलवल्या. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं. बाईंना मात्र काहीच कळलं नाही. त्याच वेळी पंचफुला चहाचं ताट घेऊन बाहेर आली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“तूच का ती मुलगी? काय म्हणाले ग वडील?”

पंचफुलानं काय ऐकलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. बापाचा तो शब्द तिनं झोपेतही ओळखला असता. तिनं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“बाबा ‘पाहतो’ म्हनतात.”

रामरावांचे डोळे मोठे झाले. बोलायचं तर आधी पान थुंकायला हवं होतं. बाईंच्या देखत उठून अंगणात थुंकणं शोभलं नसतं, पिकदाणी आत होती, ती आणून देणारी पंचफुलाच होती, आणि पंचफुलाला चहा वाटायचा होता. तिनं पहिली बशी बाईंना दिली, दुसरी पाटलांना, तिसरी गुरुजींना. एकेकाला अगदी सावकाश.

गुरुजींना खरं काय ते कळलं असावं. पण त्यांनी पूर्वी याच ओसरीवरून वहाणा घातल्या होत्या. ते बशीत फुंकर घालून म्हणाले, “मंग झालंच, बाई. रामराव पाहतो म्हनले की आमच्या गावात पुन्हा इचारत नाहीत. त्यायनं आजवर शब्द फिरवला नाही.”

“नाही फिरवला,” पाटील म्हणाले. बाकीच्यांनीही ‘नाही, नाही’ केलं.

बाईंनी नाव लिहून घेतलं. रामराव गालातला विडा तसाच धरून बसले होते. त्यांच्या उभ्या जन्माची कमाई त्यांच्यासमोर चहा पीत बसली होती आणि त्यांना तोंड उघडून तिला काही सांगता येत नव्हतं.

सगळे गेल्यावर त्यांनी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकलं, चूळ भरली आणि आत आले.

“म्या पाहू म्हनलं होतं.”

“तोंडात पान होतं, बाबा,” पंचफुला म्हणाली. “ऐकू आलं ते सांगतलं.”

रामराव तिच्याकडे पाहत राहिले. तिनंही नजर खाली घेतली नाही. प्रयागबाई दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, कोणाचा हात उठेल याचा नेम नव्हता. पण हात उठला नाही. रामराव खाली बसले.

“ठीक हाये,” ते म्हणाले. “गावानं पाहतो ऐकलं, तं आता पाहतो. जाय तू अकोल्याले. पर एक ऐक. बायको मास्तरीण अन् नवरा कॉलेजात नापास, ही शोभा मले नाही पायजे. लोक माह्या तोंडावर हासतीन. तो आता अमरावतीले जाणार नाही. येऊ दे इथं. वावर पाहीन, बैलं पाहीन. वैशाखात हळद लावू.”

“त्यायले तं तुमी पाहतो म्हनले होते,” प्रयागबाई म्हणाली.

“मंग? पाहतोच हाये ना त्याचं. अन्न देतो, पोरगी देतो. कॉलेजाचंच पाहतो, असं कोठी म्हनलं म्या?”

पंचफुला तिथंच उभी होती. चारचौघांत बापाचा शब्द बदलायला जी जीभ एवढी सरसावली होती, तिला आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाबा, माझा एका पैचाही खर्च नाही, त्यांचं एक वर्ष त्यांना द्या. बापानं ऐकलं नसतं कदाचित. पण ऐकलंही असतं. लोक हसतील याचीच त्याला भीती होती, आणि त्यावर काही ना काही तोड निघाली असती.

ती काही बोलली नाही. तिच्या मनात तुपाचं ताट आलं, लोड आला, पेटी आली. दोन वर्षं खाल्लं त्यानं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आता माझी पाळी.

ट्रेनिंगला जायचा दिवस उजाडला तेव्हा पेरण्या आटोपून निंदण चालू झालं होतं. मोटार रिठदहून वाशीमला आणि तिथून दुसरी मोटार अकोल्याला. रामराव सकाळीच वावरात निघून गेले. पोरीला पोचवायला आलं कोण, तर इंद्रभान. महिनाभरापासून तो इथंच होता. धोतर गुडघ्यापर्यंत, पायाला चिखल, हाताला फोड. खांद्यावर ती काळी पेटी होती. नवी कशाला घ्यायची, असं रामरावांनीच ठरवलं होतं.

पेटीवरचं नाव त्यानं स्वतःच विटेच्या तुकड्यानं घासून काढलं होतं. बाकीची अक्षरं गेली. एक ‘न’ तेवढा राहिला होता, तिच्या अंगठ्याच्या रेषांसकट. फिसकटलेला रंग जाड बसला होता, तो निघाला नसावा.

मोटारीच्या टपावर पेटी चढवून त्यानं दोरी आवळली. खाली उतरला. प्रयागबाई बाजूला ओळखीच्या बाईशी बोलत होती.

“एक इचारू?” इंद्रभान म्हणाला.

“इचारा.”

“परीक्षेले बाहेरून बसता येते म्हनतात. एकाच विषयाचं राह्यलं हाये माह्यं. फी अन् पुस्तकं, एवढंच लागन. मामाजीले इचारलं, ते पाहू म्हनले.” तो थांबला. “तुले सरकार महिन्याले पैसे देईन. लय नाही मागत. परत करीन. तू... करशीन काय तेवढं?”

तो बोलत तिच्याशी होता, पण त्याची नजर वर टपावरच्या पेटीवर अडकली होती. ती नजर पंचफुलानं ओळखली. असं कोणाला पाहताना तिनं कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखली. दोन वर्षं तीच नजर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होती.

कोणालाही वाटेल की आता ती हो म्हणाली असेल. तिला तसं म्हणावंसं वाटलंही. पण त्याच्या डोळ्यांतली ती आग पाहून, कितीतरी दिवसांनी, तिच्या पोटातली आग गार पडली होती, आणि ते गारपण इतकं सुखाचं होतं की लगेच सोडवेना. निदान वाशीम येईपर्यंत तरी.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. ती पायरीवर चढली, आत खिडकीशी बसली, आणि बाहेर पाहून म्हणाली,

“पाहू.”

इंद्रभाननं काही विचारलं नाही. दोन वर्षं तो त्या घरचा जावई होता. त्यानं पायातल्या वहाणा नीट केल्या आणि वावराची वाट धरली.